चौथी वाटी

मूल घरी येईपर्यंत घरात बाळाचं काहीही येणार नाही, असा मेधाचा हुकूम होता. काहीही म्हणजे काहीही. मोजे नाहीत, टोपडं नाही, दुपट्याची चिंधीसुद्धा नाही. मेधा स्वतः डॉक्टर, परदेशात, कॉर्क शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात रोज माणसांना भूल देऊन पुन्हा जागं करणारी बाई. शकुन-अपशकुनाचा विषय निघाला की एके काळी ती खो-खो हसायची. आता हसत नव्हती, आणि तिच्यासमोर 'अगं, पण' म्हणायची तिच्या नवऱ्याची, अंबरीशची, छाती नव्हती.

कारण मागच्या खेपेला सगळं आणलं होतं. पाळणा, गादी, बाबागाडी, छताला टांगायचे कापडी मासे. सातव्या महिन्यात ते बाळ गेलं. मग एका दुपारी अंबरीशने सगळं सामान एकट्याने गाडीत भरलं आणि दुकानात परत नेलं. काउंटरवरच्या मुलीने कारण विचारलं नाही, नुसतं दार उघडून धरलं. तिच्या त्या चांगुलपणानेच तो पार्किंगमध्ये येऊन हमसून हमसून रडला. तेव्हापासून ते दुकान वाटेत लागू नये म्हणून तो रिंगास्किडीला कामावर जाताना लांबचा रस्ता धरायचा.

आता पुन्हा दिवस भरत आले होते. रिंगास्किडीच्या औषधांच्या कारखान्यात अंबरीश ऑटोमेशन इंजिनिअर होता. कुठलं यंत्र कधी सुरू व्हायचं आणि कधी थांबायचं, हे ठरवण्यात त्याची हयात चाललेली. अशा माणसाला नुसतं बसून राहा म्हणणं म्हणजे शिक्षाच. बागेतलं गवत त्याने इतक्यांदा कापलं की ते वाढायचंच विसरलं. घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. मेधा म्हणाली, "अंबरीश, प्लीज, माझ्यासमोरून तो तेलाचा डबा हलव."

शेवटी शेजारच्या नोरीनलाच दया आली. नोरीन सत्तरीची, एकटी, चार मुलं चार देशांत. कॉर्कजवळच्या कॅरिगलाइनच्या त्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे तिला वासावरून कळायचं आणि कुणाच्या घरी काय शिजत नाहीये हेही कळायचं. तिने भिंतीवरून अंबरीशला हाक मारली, आपल्या शेडमध्ये नेलं आणि एका ढिगावरची ताडपत्री ओढून काढली.

खाली बाबागाडी होती. आजकालची घडीची, प्लास्टिकची नव्हे. उंच, ऐसपैस, पातळ मोठ्या चाकांची, स्प्रिंगांवर झुलणारी, बग्गीच म्हणा ना. नोरीनची चारही पोरं तिच्यातून फिरली होती. छत शाबूत होतं. पण चकचकीत असायला हवं ते सगळं पोपडे धरून बसलेलं. छताच्या कमानी, ब्रेकचा दांडा, आणि चाकांच्या मधोमध बसणाऱ्या चार गोल टोप्या.

"घरी घेऊन जा असं मी म्हणणार नाही," नोरीन म्हणाली. "बाळाच्या आधी बाबागाडी उंबरठ्याच्या आत येत नाही, एवढं कुणालाही कळतं. माझी गाडी माझं बाळंतपण होईपर्यंत आईने तिच्या घरी ठेवून घेतली होती. इथेच राहू दे. तुला हात चालवायचे असतील तर इथे येऊन चालव."

अंबरीश तिच्याकडे बघतच राहिला. मेधाचा कायदा या गल्लीत तिच्या आधीपासूनच चालू होता तर!

त्या संध्याकाळी त्याने चाचरत विषय काढला. "नोरीनच्या शेडमध्ये एक काम आहे. जरा जुनं..."

मेधाने हात वर केला. "घरात येणार आहे का?"

"नाही."

"मग मला सांगू नकोस."

एवढंच बोलणं झालं. पण अंबरीशने मनाशी पक्कं केलं. मूल घरी येईल त्या दिवशी त्याला बसायला गाडी असेल, ती त्या दुकानातली नसेल, आणि तिच्यावर एक डाग नसेल. मूल येईल की नाही हे त्याच्या हातात नव्हतं. गाडी होती.

निकेलचा मुलामा घरी चढवता येतो हे त्याने वाचून काढलं. व्हिनेगर, मीठ, निकेलच्या पट्ट्या आणि कमी दाबाची वीज. पट्टीतलं निकेल सुटून पाण्यात उतरतं आणि पाण्यातून दुसऱ्या वस्तूवर जाऊन बसतं. पाणी हळूहळू सुंदर हिरवं होतं. वाचायला सोपं. नोरीनची जुनी बादली, कामावरून हक्काने मागून आणलेले हातमोजे आणि चष्मा, आणि दार सताड उघडं ठेवून त्याने सुरुवात केली. टोप्यांवरचं उरलंसुरलं क्रोम आधी एका जुन्या गॅरेजवाल्याकडून उतरवून आणलं. खाली पितळ निघालं.

याच सुमारास कराडहून सासूबाई आल्या. लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या, बॅगेत डिंक, हळीव, वेखंड, आणि खोबरेल तेलाच्या इतक्या बाटल्या की विमानतळावरच्या माणसाने त्यांना दुकान घालणार का असं विचारलं असावं. दुपटीही होती, पण मेधाचा हुकूम ऐकल्यावर त्यांनी ती बॅग न उघडताच नोरीनच्या घरी ठेवायला दिली. जावई शेजारच्या शेडमध्ये काय करतो हे बघायला त्या दुसऱ्याच दिवशी पदर खोचून हजर.

"हे काय करताय ओ, अंबरीशराव?"

"निकेलचं पाणी चढवतोय, आई. चाकांच्या टोप्यांना."

"दागिन्याला सोन्याचं पाणी देतात तसं?"

"अगदी तसंच."

"आणि टोप्या कसल्या? वाट्या आहेत की या. आमटीच्या." त्या दिवसापासून त्या वाट्याच झाल्या.

पहिली वाटी बादलीतून निघाली तेव्हा आरशासारखी होती. अंबरीशने ती फडक्याने पुसली आणि त्या फडक्याबरोबर निकेलचा पापुद्राही आला. एक नाही, पाच. लांबट, गोल, नीट ओळीत.

सासूबाईंनी वाटी उजेडात धरली. "बोटं उमटलीत की ओ."

बोटं त्याचीच होती. सासूबाई आल्यापासून घरात सकाळी सगळ्यांच्या डोक्याला तेल थापलं जायचं, जावयाचीही सुटका नव्हती. अंबरीश वाटी स्वच्छ धुवायचा, मग हातमोजे काढून केस मागे सारायचा, आणि त्याच हाताने वाटी उचलून बादलीत सोडायचा. खोबरेलावर निकेल काही बसेना. त्याने कपाळावर हात मारून घेतला. तो हातही तेलकट झाला. सासूबाई पोट धरून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेल घेऊन हजर झाल्या, कारण तेल ते तेल आणि निकेल ते निकेल. मग अंबरीशनेच नियम केला. डोक्याला रुमाल, धुतलेल्या वाटीला उघडं बोट नाही, आणि वाटीवर पाणी सलग पसरलं, तेलावर फुटतं तसं कुठेही फुटलं नाही, तरच ती बादलीत जाईल. एकामागून एक तीन वाट्या अशा निघाल्या की त्यांत भांग पाडता येईल.

त्या दिवशी खुशीत येऊन त्याने गाडीची चाकं कशी फिरतात ते बघायला दांडी धरून गाडी पुढे ढकलली.

"रिकामी हलवू नका!" सासूबाई किंचाळल्या.

नेमक्या त्याच क्षणी दारातून नोरीनही तेच ओरडली, तिच्या भाषेत. रिकामी बाबागाडी ढकलायची नसते! दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सासूबाईंचं इंग्रजी थँक्यूपाशी संपायचं आणि नोरीनला मराठीतलं 'चहा' तेवढं यायचं, पण त्या घडीपासून दोघींचं जे गूळपीठ जमलं ते जमलंच. नोरीन आत जाऊन बटाट्यांची पिशवी घेऊन आली आणि गाडीत ठेवली. सासूबाईंनी ती आपल्या जुन्या साडीच्या तुकड्यात नीट गुंडाळली, वर कुंचीसारखी गाठ मारली.

"बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात की नाही? तसं," त्या अंबरीशला म्हणाल्या. "तिला सांगा."

अंबरीशने सांगितलं. नोरीनने बटाट्यांच्या पिशवीला हाताने हलकेच थोपटलं. पुढे त्या पिशवीतले दोन-चार बटाटे ती रोज रात्रीच्या जेवणाला काढून न्यायची आणि सकाळी तितकेच परत आणून घालायची. गाडी एक क्षणही रिकामी राहिली नाही.

चौथी वाटी मात्र हट्टाला पेटली.

तिच्या कडेजवळ तांदळाएवढा काळा डाग होता. घासला की जायचा, निकेल चढलं की परत यायचा. अंबरीशने वीज कमी करून बघितली, जास्त करून बघितली. जास्त केल्यावर कडाच जळून काळ्या पडल्या. पुन्हा सगळं उतरवायचं, पुन्हा घासायचं, पुन्हा धुवायचं. कामावरून आला की तो चहा न घेता शेडमध्ये. मेधा खिडकीतून त्याला जाताना बघायची आणि काही बोलायची नाही. त्याच्या कपड्यांना व्हिनेगरचा असा वास मारायचा की जेवायला बसल्यावर लोणच्याची बरणी शेजारी ठेवल्यासारखं वाटे. तरी ती विचारायची नाही.

शेवटी एका रविवारी सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या की आता. तीट समजा. एवढ्या देखण्या गाडीला नाहीतरी दृष्ट लागायची."

नोरीनने वाटी नाकाशी धरून पाहिली. "अरे, ग्रँड आहे ही! कोण बघतंय?"

आणि अंबरीशचा बांध फुटला. सासूबाईंपुढे आवाज चढवायची त्याची आयुष्यातली ती पहिली वेळ.

"नाही, आई! मागच्या वेळी सगळे हेच म्हणत होते. चालायचंच, पुढच्या वेळी होईल, देवाची मर्जी. आणि मी मान हलवत होतो. मला नाही चालत. तीट लावायची तर लावू, हजार वेळा लावू, पण आधी ही धड होऊ दे. तीट आपण लावतो. हा डाग आपोआप पडलाय."

आपण कुणापुढे काय बोललो हे ध्यानात येऊन अंबरीशचे कान तापले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या गेलेल्या नातवंडासाठी त्यांनीही कराडला दुपटी शिवून ठेवली होती, हे त्याला माहीत होतं.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "करा मग. मी काय मदत करू ते सांगा."

नोरीनला शब्द कळले नव्हते, पण सूर कळला. तिने अंबरीशला काय झालं म्हणून विचारलं, आणि त्याने तो डाग बोटाने दाखवला, मोजा घालून. नोरीनने चष्मा चढवला.

"थांब. ही मागच्या डाव्या चाकाची ना? बंदराच्या धक्क्यावर दगडाला घासून भोक पडलं होतं तिला. माझ्या नवऱ्याने, डेनिसने, बुजवलं होतं. महिनाभर मिरवत होता, जसं काही जहाज दुरुस्त केलंय."

डाख! धातूचं ठिगळ! अंबरीशने वाटी उलटी केली. आतून घासल्यावर करडा टिकला दिसला. डेनिसने शिशाचा डाख लावला होता, आणि शिशावर निकेल सरळ बसत नाही हे त्याने कधीतरी वाचून विसरलेलं. आधी तांब्याचा पातळ थर द्यायचा, मग त्यावर निकेल. इतके दिवस तो जो डाग घासत होता तो मळ नव्हताच, कुणीतरी प्रेमाने केलेली दुरुस्ती होती. तो मोठ्याने हसला.

"आई, तांबं पाहिजे. शुद्ध. वायर सोलून काढतो."

"वायर कशाला?" सासूबाई लगबगीने घरी गेल्या आणि पूजेची पळी घेऊन आल्या. "ही घ्या. तांब्याचीच आहे."

"अहो, नको, पूजेची आहे ती. थोडी झिजेल. बादलीत विरघळते."

"माझ्या सासूबाईंच्या हातात झिजली, माझ्याही हातात झिजली. आता नातवंडाच्या गाडीला थोडी लागली तर देव काय रागवणार आहे? घ्या."

पळीचं तांबं वाटीवर चढलं. लालसर, सलग; डाख कुठे होता ते शोधूनही सापडेना. मग शनिवारी दुपारी अंबरीशने ती धुतली, पाणी फुटत नाही हे तीनदा पाहिलं, हिरव्या बादलीत सोडली आणि वीज सुरू केली. सासूबाई स्टुलावर बसून बघत होत्या.

आणि तेवढ्यात मेधाचा फोन आला. तारखेला अजून अवकाश होता, पण तिचं पाणी गेलं होतं.

अंबरीशने रुमाल डोक्याचा काढला की नाही हे त्याला आठवत नाही. हॉस्पिटलची बॅग तयार होती, तिच्यात फक्त मेधाचे कपडे. सासूबाईंना मागून बोलवायचं ठरलं. गाडी कॉर्कच्या रस्त्याला लागली. मेधा दाराची कडी घट्ट धरून, ओठ आवळून बसली होती. मागच्या वेळी ते याच रस्त्याने गेले होते. दोघांनाही ते आठवत होतं.

कळ ओसरल्यावर मेधा म्हणाली, "चौथी झाली का?"

अंबरीशला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"वाटी. चौथी वाटी. डाग गेला का?"

"तुला... आईंनी सांगितलं?"

"कुणी नाही सांगितलं. भिंतीपलीकडे तुम्ही तिघं केवढ्याने बोलता! खिडकीत बसले की सगळं ऐकू येतं. रोज बसायचे मी." तिने डोळे पुसले. "खोबरेलाचं ऐकलं तेव्हा इतकं हसले की हे आत लाथा मारायला लागलं. मला बघायची भीती वाटायची, अंबरीश. ऐकायची नाही वाटायची."

हुकूम पाळत पाळत ही बाई रोज खिडकीत बसून आशा करत होती.

"बादलीत आहे," तो कसाबसा म्हणाला. "आत्ताच सोडली."

"बंद करून आलास ना?"

अंबरीशने जीभ चावली.

"अंबरीश! कडा जळतील! फोन लाव आईला!"

फोन गाडीच्या स्पीकरवर लागला. "आई, शेडमधलं लाल बटण आहे ना, घड्याळ बघून अर्ध्या तासाने बंद करायचं. मग वाटी तारेने उचलून स्वच्छ पाण्यात. बोट लावू नका."

"बोट कसं लावीन ओ? खोबरेलाचं विसरले नाही मी. नोरीनबाई आहेत इथे, आम्ही दोघी बघतो. तुम्ही पुढे बघून गाडी चालवा. मेधा, बाळा, धीर धर."

"आई, घाई करू नकोस," मेधा ओरडली. "नीट चढू दे!" आणि पुढची कळ आली.

मुलगी झाली. वेळेआधी आली म्हणून तिला काही दिवस हॉस्पिटलात उबेला ठेवलं. पण रडणं असं खणखणीत की तिथल्या नर्सने हिचा आवाज बंदरापर्यंत जातो म्हणून सर्टिफिकेट दिलं. अंबरीश घरी आला तो थेट शेडमध्ये गेला. वाटी एका बशीत, धुतलेल्या फडक्याने झाकून ठेवलेली. त्याने फडकं उचललं. वाटीत त्याचा स्वतःचा चेहरा दिसला, दाढी वाढलेला, आणि बाकी काहीही नाही. त्याने चारही वाट्या चाकांना बसवल्या.

मुलीला घरी आणलं तेव्हा नोरीन गाडी घेऊन गेटपाशीच उभी होती. आत बटाटे होते. सासूबाईंनी गाठ सोडून ते काढले, साडीच्या त्याच तुकड्यावर नातीला निजवलं, गालाला काजळाची तीट लावली. नोरीनने सकाळीच भाजलेल्या ब्राउन ब्रेडचा तुकडा सासूबाईंनी मागून घेतला, पोरीवरून ओवाळला आणि रस्त्यापलीकडे टाकला. एक सीगल तो घेऊन गेला.

मेधा अजून गाडीकडे बघत उभी होती. पहिल्यांदाच बघत होती. मग अवघडल्या अंगाने ती सावकाश वाकली, एकेका चाकापाशी गेली, एकेक वाटी उजेडात निरखली.

"कुठली होती?"

"तूच ओळख," अंबरीश म्हणाला.

तिने पुन्हा एक फेरी मारली. नाही ओळखता आली. मग तिने आईच्या हातातली काजळाची डबी घेतली, बोट बुडवलं आणि समोरच्या एका वाटीवर, अगदी कडेला, तांदळाएवढा काळा ठिपका लावला.

"ही असणार," ती म्हणाली. "आता झाली पूर्ण."

ती पुढची उजवी होती. चौथी मागे, डाव्या बाजूला, सासूबाईंच्या पदराआड चमकत होती. सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं, जावयाने सासूबाईंकडे, आणि दोघांपैकी कुणीही काही बोललं नाही. मेधाने दांडी धरली आणि गाडी उंबरठ्यावरून आत घेतली.